आसरांच्या डोहाचा तळ

धोंडाबाई माझी शेजारीण. घरात बोलायला माणूस नाही म्हणून ती डोहाशी बोलायची, आणि सगळं कोळवण गाव तिला येडी म्हणायचं. म्हणेना का! त्यांची पोर नाही बुडाली.

सोनी तिची एकुलती एक. धुणं धुताना पाय घसरून डोहात गेली, ती सापडलीच नाही. पाण्याला ओढ होती, पट्टीच्या पोहणाऱ्यांनी हात टेकले. आमच्याकडे म्हणतात, पाण्यातल्या साती आसरा आवडलेलं माणूस ठेवून घेतात. धोंडाबाईनं तेच धरून ठेवलं. पोरीचं दिवसकार्य केलं नाही. काठावरच्या आसरांच्या दगडांना शेंदूर लावायची, हिरव्या बांगड्या वाहायची. त्यात एक जोड सोनीचा, दर वर्षी जरा मोठ्या मापाचा. पोर वाढत असेल ना!

मग नदी पुनरुज्जीवनाची सरकारी योजना आली. डोहातला गाळ काढायचा, वरच्या बंगल्यांचं सांडपाणी अडवायचं. गरजच होती, म्हशीसुद्धा त्या पाण्याला तोंड लावत नव्हत्या. पण आसरांच्या कौलाशिवाय डोहात मशीन घालायची कुणाची छाती होईना, आणि कौल लावायचा मान धोंडाबाईच्या घराचा. म्हातारी मोडता घालणार, असं सरपंच किशोरला वाटलं. मलाही वाटलं. खरं सांगते, घालावा असंच वाटत होतं.

तिनं दगडाला पाण्यानं दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं तिनं अंगठ्यानं चांगलं दाबून बसवलं, ते मी शेजारी उभी राहून पाहिलं. उजवं पडलं.

वाटेत मी तिला झापलं. देवाच्या कौलात लबाडी करतेस, आणि वर तुझाच डोह उकरायला देतेस? ती शांतपणे म्हणाली, "जये, माझी पोर घाणीत ऱ्हातीया. सरकार तिचं घर झाडून देतंय, तर मी आडवी येऊ व्हय?" कप्पाळ माझं!

उन्हाळाभर मशीन चाललं. चिंध्या, प्लास्टिक, गणपतींचे पाट, काय काय निघालं. प्रत्येक ढिगाकडे मी धास्तावून बघायची. सोनीचं काही निघालं नाही. धोंडाबाई मात्र मशीनवाल्याला चहा नेऊन द्यायची, नीट झाड म्हणायची.

पावसाळा सरला आणि पाणी निवळलं. झकास झाला हो डोह, नाव ठेवायला जागा नाही. साहेब आले, फीत कापली, फोटो निघाले. माणसं पांगल्यावर बघते तर धोंडाबाई नव्या पायरीवर एकटीच बसलेली. मी जवळ गेले. पाण्यात तळाचा दगडन् दगड दिसत होता.

"जये, तितं कुणीच न्हाई गं," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. तिनं विचारलं, बंडोपंत भटजी घरी असतील का.

"इतक्या वर्सांनी पोरीचा दहावा घालत्यात का, इचारायचंय."