शिष्यवृत्तीच्या खिडकीतली शाबासकी

विश्रामबागेतल्या मुलींच्या त्या खाजगी शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज घेणारे कारकून कधी आवाज चढवत नाहीत. शिक्का मारण्याआधी ते तो स्वतःच्या तळहातावर उमटवून बघतात, त्यामुळं त्यांचा हात कायम जांभळा. कुणी गयावया केली की एकच बोलणं, "आवं वैनी, नियम मी केला न्हाई."

चार वर्षांपूर्वी मी थोरलीचा अर्ज घेऊन विट्याहून गेले. आमचे मालक कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात कामाला. वर्षातून एकदा, जत्रेला येतात. आमच्या गल्लीत नवऱ्यांच्या सह्या बायकाच करतात. मीही केली होती.

"वडलांची सही कुणी केली गं?" त्यांनी थोरलीला विचारलं.

"आईनं."

"शाब्बास पोरी, खरं बोललीस." मग त्यांनी पट्टी धरून अर्जावर सरळ तांबडी रेघ मारली आणि तिच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. वर्गात पहिली येणारी माझी पोर त्या रेघेकडं बघत राहिली.

तिची शाळा तिथंच सुटली. आता तिला बघायला पाहुणे येतात.

परवा धाकटीचा अर्ज घेऊन गेले. सही माझीच, आणि त्यांचा प्रश्नही तोच.

"पप्पांनी," धाकटी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली. तिला मी पढवूनच नेलं होतं.

"शाब्बास पोरी," म्हणत त्यांनी शिक्का मारला. तिलाही गोळी दिली.

घरी येऊन धाकटीनं सगळं सांगितलं. थोरली एवढंच म्हणाली, "मला का न्हाई शिकवलंस गं, आई?"