राबाचा धूर

काळू नदीच्या काठची आमची जमीन आता तंबूंखाली असते. शनिवार-रविवारी कल्याण-ठाण्याचे पाहुणे येतात, डोहात डुंबतात, पक्ष्यांचे फोटो काढतात. मी भाकऱ्या थापते. भाताची रोपं करायचा तुकडा मात्र सासऱ्यांनी सोडला नाही. पेरणीआधी तिथे शेण, पालापाचोळा पसरून राब भाजायचाच, हे त्यांचं ठरलेलं. पाहुणे आहेत, आज आग नको, असं मी सकाळपासून बजावत होते. ऐकतील तर सासरे कसले! दुपारी त्यांनी काडी लावलीच.

वारा फिरला आणि धूर सरळ नदीवरच्या सादड्यात घुसला. त्या झाडाला आग्यामाश्यांची पोळी होती. आधी नुसता घोंघाट आला, मग माश्याच खाली आल्या. पाहुण्यांनी तंबूत शिरून चेनी ओढून घेतल्या. माझी सहा वर्षांची लेक डोहाच्या उथळात खेळत होती. धावत जाऊन मी तिला पदराखाली घेतलं, पाण्यात बुडवलं, पण श्वासाला वर आली की माश्या डोक्यावर तयारच. मानेवर डसल्या तशी ती किंचाळली.

तिचे आबा, म्हणजे माझे सासरे, राबावर ओला पाला टाकत होते. पांढरा, दाट धूर उठला.

"पोरीला धुरात आण गो," ते ओरडले.

असा संताप आला! यांनीच माश्या उठवल्या आणि आता पोरीला आगीपाशी बोलावतात. पण दुसरं करणार काय? तिला उचलून धुरात शिरले. दोघींना खोकल्याची उबळ आली, डोळे झोंबले, पण माश्या मागे राहिल्या. धूर विरला तर त्या परत येणार, आणि ओला पाला तर धुराबाहेरच्या झुडपांवर. सासरे बाहेर जात, फांद्या ओरबाडून आणत, पुन्हा जात. प्रत्येक खेपेला त्यांच्या तोंडावर माश्या जास्त दिसत. बसा आता, असं मी म्हणायला हवं होतं. पोर कुशीत होती, मी तिच्यावर पदर ओढून घेतला.

माश्या पांगल्यावर मुरबाडच्या दवाखान्यात नेऊन सासऱ्यांना सलाइन लावलं. वाचतील, असं डॉक्टर म्हणाले. चेहरा सुजून डोळे, नाक काही कळत नव्हतं. माझा राग गेला नव्हता आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटत होतं.

त्यांनी चाचपडत हात पुढे केला. "पोर कुठाय?"

लेक समोरच उभी होती. ती माझ्यामागे सरकली.

"हे आबा नायत," ती म्हणाली. "आपल्या आबांकडं चल ना."

त्यांचा हात तसाच पुढे राहिला.