दिवाळी उद्या की परवा

माझं नाव आणि मग बोलणं ऐकून अनोळखी माणसं अजूनही म्हणतात, "तुम्ही मराठी फार छान बोलता हो." मी म्हणते, "तुम्हीही." जन्म पुण्यातला असला की एवढं येतंच.

अब्बांचं नारायण पेठेत बुकबाइंडिंगचं दुकान होतं. वाचनालयाच्या खिळखिळ्या झालेल्या कादंबऱ्या तिथे नव्या पुठ्ठ्यासाठी यायच्या. अब्बा त्यांची शिवण उसवून ठेवत, आणि पुन्हा शिवायला घेईपर्यंत त्या माझ्या असत. शाळा सुटली की खळीच्या वासात बसून मी ती सुटी पानं वाचायची. कधी शेवट आधी, सुरुवात नंतर. त्या सगळ्या पुस्तकांत आमच्यासारखं माणूस क्वचित भेटे. भेटलंच तर टांगेवाला, नाहीतर अत्तरवाला. तो "हम जाता, तुम आता" असलं काहीतरी बोलायचा, नायकासाठी एकदा जीव धोक्यात घालायचा आणि पुढच्या प्रकरणात गायब व्हायचा. त्याला घर नसे. त्याची बायको भाजीला काय करते, त्याची मुलगी गणितात पास झाली का, याच्याशी लेखकाला देणंघेणं नसे. मला त्याचा राग येत नसे, याचं आता वाईट वाटतं. गोष्टी घडतात त्या इतरांच्या घरी, आपण नुसतं राहायचं, अशी माझी समजूत होती.

नववीत असताना शाळेच्या वार्षिक अंकासाठी कथा मागवल्या. मला आमच्या घरातली ईदच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ लिहायची होती. अम्मीची धांदल, दूधवाल्याशी तिची हुज्जत, पाहुणे किती येणार याचा घडीघडीला बदलणारा अंदाज. पण लिहायला बसले आणि हात आपोआप फेरफार करत गेला. अम्मीची आई झाली, शिरखुर्म्याची बासुंदी झाली आणि ईदची दिवाळी. अम्मी उर्दू शिकलेली, मराठी बोलायची पण वाचता येत नसे. म्हणून तिला वाचून दाखवलं. तांदूळ निवडता निवडता तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, छान आहे गं, कुठल्या मैत्रिणीची आई ही? मी खूश झाले. इतकं बेमालूम जमलं होतं.

दोन दिवसांनी मराठीच्या बाईंनी मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. बाई कडक, त्यांनी केलेलं कौतुकसुद्धा ओरडल्यासारखं वाटे. वहीतल्या एका जागी तांबडी रेघ होती. तिथे माझ्या कथेतली आई खिडकीतून शेजारणीला विचारत होती, दिवाळी उद्या की परवा, काही कळलं का? आणि खाली सगळी गल्ली आभाळाकडे बघत उभी होती.

"दिवाळी कधी ते वर्षभर आधी कॅलेंडरात छापलेलं असतं," बाई म्हणाल्या. "या घरात आदल्या संध्याकाळपर्यंत कुणालाच कसं माहीत नाही?"

मी सगळं बदललं होतं आणि चंद्राची वाट बघणं तेवढं तसंच ठेवलं होतं. त्याच्याशिवाय सण येतो कसा, हे मला ठाऊकच नव्हतं. चोरी पकडली गेल्यासारखं वाटत होतं, आणि चोरी तर आमच्याच घरात केलेली.

"घर कुणाचं आहे हे?" बाईंनी विचारलं.

"आमचं."

"मग तुमचंच लिही. सोमवारपर्यंत आणून दे."

रविवारी मी दुकानात बसून पुन्हा लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत 'अम्मी' असं लिहिलं आणि थांबले. गोष्टीतलं कुणी आपल्या आईला असं, हसं न होता, हाक मारतं हे मी कधी वाचलंच नव्हतं. वर्गातल्या मुली फिदीफिदी हसतील, याची धास्ती होती. अब्बांना विचारलं, तर ते दाभणात दोरा ओवत म्हणाले, तू घरात काय म्हणतेस तिला? त्यांना यात अडचण काय आहे तेच कळेना. मग मी एका बैठकीत सगळं लिहून काढलं, करपलेल्या शेवयांसकट.

अंक छापून आला. आठवडाभर मी तो दप्तरातच ठेवला. अम्मी पुन्हा विचारेल, ही कुणाची आई, अशी मला भीती होती. शेवटी एका दुपारी ती लसूण सोलत असताना वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या परिच्छेदाशीच तिने मला थांबवलं. शेवया करपल्या नव्हत्या, जरा लाल झाल्या होत्या. आणि दूधवाल्याशी ती भांडली नव्हती; उद्धटपणा त्याने केला होता, ते का नाही लिहिलं? मी म्हटलं, आता छापून झालंय, बदलता येत नाही.

तिने आणखी एक पाकळी सोलली. मग हे कोण कोण वाचतं म्हणून विचारलं. सगळी शाळा, बाई, मुलींच्या घरची माणसं, मी सांगितलं.

"म्हणजे इतके लोक मला बघणार," ती म्हणाली. उठून तिने हात धुतले, केस सारखे केले, डोक्यावरून पदर नीट घेतला आणि माझ्यासमोर ताठ बसली. "आता पहिल्यापासून वाच."