आमच्या घरातलं पित्त

आमचं घर शिवाचं. अंघोळ करून कपाळाला विभूती लावल्याशिवाय पुरुषमाणूस चहाला तोंड लावत नसे. मांसमच्छी वर्ज्य, अंडं वर्ज्य आणि दारूचं तर नावसुद्धा वर्ज्य. नाव वर्ज्य होतं, एवढंच.

भवानी पेठेत आमचं सुताचं दुकान होतं. दुकान बंद झालं की आमचे हे वसुलीला जायचे. वसुली नेहमी सात रस्त्याच्या बाजूला असायची आणि नेहमी दिवेलागणीला असायची. जाताना पिशवी रिकामी, येताना पिशवी रिकामी, भरलेले फक्त हे. येताना तोंडात लवंग, वेलदोडा आणि वर पान. इतका सुगंध की देवघरात उदबत्ती लावायची गरज नसे. मी अक्कलकोटकडच्या खेड्यातली, चौथी शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, शहरातल्या पुरुषांना असाच वास येत असेल.

पुढे कळलं. पण कळून काय करणार? नवऱ्याचं नाव तोंडातून काढायची सवय नाही, तिथं त्याच्या दारूचं नाव कोण काढणार? आणि मी तर भाजीवाल्यालासुद्धा भाव कमी कर म्हणू शकत नसे. तो सांगेल तो भाव, घरचे सांगतील तो दोष. दोन्ही पदरात घेऊन मी घरी यायची.

दुष्काळाच्या साली रेशनवर मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी यायची. तिची भाकरी कुणालाच पचत नव्हती. त्यामुळे यांचं पोट पहिल्यांदा दुखलं तेव्हा आळ मिलोवर गेला. मिलो बंद झाली, पोट दुखायचं थांबलं नाही. मग आळ माझ्यावर आला.

दुखणं साधं नव्हतं. बेंबीच्या वर सुरू होऊन थेट पाठीत निघायचं. हे उशी पोटाशी धरायचे, गुडघे वर घ्यायचे आणि पुढे वाकून बसायचे. आडवं होता येत नसे. पाणी प्यालं तरी उलटी. घामाने सदरा भिजायचा. दोन-तीन दिवसांनी उतरायचं, मग हे पुन्हा विभूती लावून दुकानात जायचे आणि दुकानातून वसुलीला. सदरे ढगळ व्हायला लागले. मी शिवणी आत घेत राहिले. त्यांना तसं कळवळताना पाहिलं की मला धड रागही धरता येत नसे. त्या बाबतीतसुद्धा त्यांनी माझी गैरसोयच केली.

सासूबाईंना मी अत्ती म्हणायची. घरात त्या कन्नडच बोलायच्या, मराठी लागेल तेवढीच, आणि ती लागायची मला बोलताना. त्यांनी निदान केलं, पित्त. माझ्या थोरल्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, कारण शोधलं. त्या गल्लीच्या टोकाला राहायच्या आणि आमच्या चुलीवर त्यांचं तिथूनही लक्ष असायचं.

"हिच्या शेंगाचटणीला तेल बघितलंस का अव्वा? आमटीचा लाल तवंग बघ की. माझा भाऊ जळाला आतनं."

"हाताचा गुण असतो गं," सासूबाई म्हणायच्या. "कुनाच्या हातात अमृत, कुनाच्या हातात पित्त."

पित्तावर उपाय म्हणून सकाळी उपाशी पोटी आवळ्याचा रस, दुपारी गुलकंद, रात्री दुधात दोन चमचे तूप. तूप पडलं की दुखणं दुपटीने उठायचं. पण तूप सासूबाईंच्या हातचं होतं, त्यामुळे त्याला दोष नव्हता.

शेवटी वन्संनी चूल ताब्यात घेतली. मला धुणं आणि भांडी दिली, म्हणजे माझा हात अन्नाला लागायला नको. वन्सं बिनतेलाचं, बिनतिखटाचं, बिनचवीचं शिजवायच्या. हे गुमान खायचे आणि वसुलीला जायचे. पंधरवड्यात असं दुखणं उठलं की सगळी गल्ली गोळा झाली. मी मनात म्हटलं, आता तरी माझा हात सुटला. तर वन्सं मीठमोहऱ्या घेऊन आल्या. त्यांच्या हातचं बाधलं नव्हतं, त्यांच्या स्वयंपाकाला दृष्ट लागली होती.

आणि ती कुणाची, हेही ठरलं. मोरीत भांडी घासत बसलेल्या बाईची.

"संक्रांत झाली की हिला माहेरी पाठव अव्वा," वन्सं माझ्यासमोरच म्हणाल्या. "आनि परत बोलवायची घाई नको."

माहेरी म्हणजे भावाकडे. भावाचं घर दोन खणांचं, त्यात त्याची पाच पोरं आणि माझी वहिनी. वहिनी मला बघून कधी वाईट बोलली नाही, फक्त दर वेळी विचारायची, "किती दिवस?" मला रात्रंदिवस तेच ऐकू यायला लागलं.

त्याआधी यांना मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. न्यायला सासूबाई निघाल्या, आणि पिशवी धरायला मी.

डॉक्टर पुण्याकडचे होते. तरुण, चष्मेवाले, बोलणं अगदी पुस्तकातलं. पोट दाबलं, फोटो काढला, फोटो उजेडाला धरला. त्यात बेंबीच्या वर पांढरे ठिपके दिसत होते, कुणी मीठ सांडावं तसे. त्यांनी यांना विचारलं, "दारू घेता?"

"छे छे! सुपारीसुद्धा खात नाही साहेब," असं म्हणून यांनी कपाळाची विभूती नीट पुढे केली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग ते सासूबाईंकडे वळले.

"आजी, तुम्ही सांगा. मुलगा पितो का?"

"पित्त?" सासूबाई सावरून बसल्या. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्यांना त्यांच्या आवडीचा प्रश्न विचारला होता. "व्हय की! लई पित्त."

"लई म्हणजे? रोज?"

"रोजच्याला. ल्हानपनापासनं हाय."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "लहानपणापासून?"

"त्येच्या बापाला बी व्हतं. त्यातच गेलं ते."

"आणि जास्त कधी? संध्याकाळी?"

"दुकान बंद झालं की वाडतंय. सनावाराला तर इचारूच नगा."

"मग तुम्ही बोलत नाही त्याला?"

"बोलून पित्त जातंय व्हय सायब? मीच देती की. सकाळी, उपाशी पोटी, वाटीभर. जरा साखर घालून."

"तुम्ही देता? स्वतःच्या हाताने?"

"आई हाय मी. मी नाय द्याचं, तर कुनी द्याचं?"

"साहेब, अव्वा पित्ताचं सांगतीये, आवळ्याचा..." हे मधे बोलायला गेले.

"तुम्ही गप्प बसा," डॉक्टर म्हणाले. "बिचारीने सरळ सांगून टाकलं."

हसू आवरेना म्हणून मी पदर तोंडात कोंबला. डॉक्टरांना वाटलं मी रडते. ते माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "बाई, रडू नका."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. जठराच्या मागे एक अवयव असतो, त्याला स्वादुपिंड म्हणतात. दारूने तो सुजून सुजून कडक झालाय, त्यात खडे झालेत. तो पुन्हा पहिल्यासारखा होणार नाही. दुखणं येत-जात राहील, पुढे साखरही होईल. तूप-तेल पचणार नाही, ते कमी करा. पण पिणं बंद केलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ. मी इतकी वर्षं ऐकत आले होते त्या कारणाचं त्यांनी नावच घेतलं नाही. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषाला प्रश्न विचारला.

"आमटीनं... झालं का हे?"

"आमटीने? छे. स्वयंपाकाचा काही दोष नाही."

मला ते वाक्य पिशवीत घालून घरी न्यायचं होतं.

घरी वन्सं उंबऱ्यातच उभ्या होत्या. "काय म्हनला डाक्टर?"

"पित्त," सासूबाई म्हणाल्या. "म्या आधीच म्हनलं व्हतं. पित्त बंद झालं पायजे म्हनला."

"बघ! मग?" असं म्हणून वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. स्वयंपाकाचा दोष नाही, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलं आणि तिथंच बसलं. पिशवी रिकामीच निघाली. मी भांड्यांकडे गेले.

हे मात्र घाबरले होते. महिनाभर वसुली बंद. पोट शांत. वन्संनी त्याचं श्रेय आपल्या बिनचवीच्या वरणाला घेतलं, आणि माझी ट्रंक माळ्यावरून खाली आली.

संक्रांतीला हे गड्ड्याच्या जत्रेला गेले. बरोबर चार व्यापारी होते. वर्षाचा सण, देवाचं दर्शन, नाही कसं म्हणणार? दुपारी परत आले ते दोन्ही हातांनी पोट धरून, भिंतीला घासत. लवंग होती, वेलदोडा होता, पान होतं. उंबऱ्यातच उलटी झाली आणि आमच्या घराने कधी नाव न घेतलेला वास सबंध सोप्यात पसरला.

वन्सं स्वयंपाकघरातून धावत आल्या. भाऊ वाकडा होऊन पडलाय, समोर ती उलटी, आणि त्यांनी विचारलं कुणाला? मला.

"काय घातलंस गं ह्याला सकाळी? तीळ तू भाजलेस ना? हात लावलासच ना?"

मी म्हणाले, "न्हाय वन्सं."

सासूबाई खांबाला टेकून वाती वळत होत्या. त्यांनी वाती खाली ठेवल्या. उठल्या, मुलाजवळ जाऊन वाकल्या आणि अगदी शांतपणे विचारलं,

"कुडदी एनो?"

प्यालास काय रे?

कन्नडमध्ये पित्ताला पित्तच म्हणतात. पण पिण्याला म्हणतात कुडियोदु. तिथं एका शब्दाचा दुसरा व्हायला जागाच नाही. यांनी मान खाली घातली. वन्संच्या हातातलं उलथनं तसंच वर राहिलं. आणि मला दवाखान्यातलं एकेक उत्तर आठवायला लागलं. रोज. बापालाही होतं. त्यातच गेलं ते. दुकान बंद झालं की वाढतं. पित्ताऐवजी पिणं धरलं, तरी एकही उत्तर चूक नव्हतं. लहानपणाचं आणि आवळ्याच्या वाटीचं तेवढं पदरचं घातलेलं, चवीपुरतं.

म्हणजे सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. सोयीचं होतं तोवर पित्त होतं. मुलाला दारुडा म्हणण्यापेक्षा सुनेच्या हाताला नाव ठेवणं कोणत्याही आईला हलकं जातं, हे मी समजू शकते. समजते म्हणून विसरले असं नाही.

"अव्वा, पन हिनं..." वन्सं पुन्हा सुरू झाल्या.

"तिला काय इचारतीस?" सासूबाई म्हणाल्या. "ह्येला इचार. आनि ते उलथनं ठेव खाली."

पुढे हे बरीच वर्षं जगले. कधी प्यायले नाहीत, कधी प्यायले, दुखणं मात्र नेमाने येत राहिलं. साखर झाली, उकळलेल्या सुईने इंजेक्शन द्यायला मी शिकले. कुणी विचारलं की घरातली सगळी माणसं अजून पित्तच म्हणायची. फक्त सासूबाई मला हळूच विचारायच्या, "आज पित्त की पितं?" आणि मी बोटाने खूण करायची.

पण ते नंतरचं. त्या संक्रांतीला यांना आत नेऊन उशी दिली, सोपा धुतला. मी माझ्या ट्रंकेपाशी जाऊन उभी राहिले, आता हिचं काय करायचं ते कळेना. सासूबाई पाटावर बसल्या होत्या.

"उभी काय ऱ्हायलीस? चूल इझली की," त्या म्हणाल्या. "भाकरी टाक. आनि मला शेंगाचटनी वाड. वरनं तेल सोडून, लाल तवंग येईल अशी."