एका खुर्चीवर दोघींची नावं

शेवटच्या वर्षाला आम्हाला संशोधन पद्धती आणि गटाने करायचा सॉफ्टवेअर प्रकल्प असे दोन विषय एकत्र होते. दोन्ही एकच मॅडम शिकवायच्या. त्यांची अट साधी होती. जे बनवाल ते कॉलेजबाहेरच्या खऱ्या माणसांनी वापरलं पाहिजे, आणि त्यांनी ते वापरलं हे तुम्ही पुराव्यानिशी सांगितलं पाहिजे. नुसतं लॅपटॉपवर चालवून दाखवलं तर पास व्हाल, चांगले गुण विसरा.

आमचा गट तिघांचा. दादरचा एक मुलगा, वर्गात सगळ्यात जलद कोडिंग करणारा. गिरगावची एक मुलगी, तिला स्क्रीन फार सुंदर जमायच्या. आणि मी. कोडिंग मलाही येत होतं, पण हळू. बोलणं त्याहून हळू. घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे आपलं बरोबर आहे का हे आधी कुणाला विचारून घ्यायची सोय नव्हती. वर्गात तोंड उघडायच्या आधी मी वाक्य मनात म्हणून बघायचे, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा. कामं वाटली तेव्हा मला रिपोर्ट लिहायचं काम आलं. कुणी मुद्दाम दिलं नाही, उरलं ते आलं.

प्रकल्पाची कल्पना मात्र माझी होती. डिलाईल रोडला आमच्या चाळीजवळ एक अभ्यासिका आहे. एका खोलीत आठ माणसं राहतात तिथली मुलं अभ्यासाला तिथेच जातात. खुर्च्या कमी, मुलं जास्त. त्यामुळे सकाळी येऊन रुमाल टाकायचा, बाटली ठेवायची, बॅग अडकवायची, म्हणजे जागा आपली. त्यावरून रोज कुरबुर. मोबाइलवरून खुर्ची राखून ठेवायचं ॲप करू, असं मी कसंबसं सुचवलं आणि दोघांनी ते लगेच उचललं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं, हे चाललं पाहिजे. नाही चाललं तर मी वर्गात पुन्हा कधी काही सुचवणार नाही, हे मला आतून माहीत होतं.

नियम आम्ही सोपा ठेवला. एक नाव, एक खुर्ची. उठून गेलात आणि ठरलेल्या वेळात परतला नाहीत, तर खुर्ची पुढच्याला. अभ्यासिका सांभाळणारे काका म्हणाले, लावा काय ते, फक्त माझ्या डोक्याला ताप नको.

सुरुवातीला सगळ्यांनी ॲप घेतलं. थोड्याच दिवसांत रुमाल परत दिसायला लागले. मी घाबरून सगळ्यांना विचारत फिरले, ॲप कसं वाटलं, पाचपैकी किती गुण द्याल? सगळ्यांनी पाच दिले. एक जण तर न बघताच शेजारच्याला म्हणाला, "पाच दे रे, आपल्या चाळीतली आहे ती." माझा जीव भांड्यात पडला. ते सगळे पाच मी छान तक्त्यात मांडून मॅडमना दिले.

मॅडमनी तक्ता बाजूला ठेवला आणि ॲप रोज किती जणांनी उघडलं ते दाखवायला सांगितलं. जवळजवळ कुणीच नाही. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे त्यांचं तुझ्यावरचं प्रेम आहे. ते जप. पण ते ॲपबद्दल काही सांगत नाही. आता विचारू नकोस, नुसती बसून बघ."

बाहेर आल्यावर दादरच्या मुलाने उपाय काढला. रुमाल टाकणाऱ्याचं नाव लाल करायचं आणि त्याला दोन दिवस ब्लॉक करायचं.

"चौकी उघडतोस का रे?" गिरगावची म्हणाली. "काकांना शिट्टीपण घेऊन दे."

मी तडक निघाले. अभ्यासिकेत जाऊन कोपऱ्यात बसले.

बघायला लागल्यावर पहिल्यांदा दिसलं की धरून ठेवलेली खुर्ची फार वेळ रिकामी राहतच नाही. एक मुलगी बॅग ठेवून जेवायला गेली. थोड्या वेळाने दुसरीच आली, बॅग उचलून खाली ठेवली आणि तिथे बसून वाचायला लागली. पलीकडे भाऊ उठला, बहीण बसली. जुन्या गिरणीतल्या पाळ्यांसारखं चाललं होतं, भोंगा तेवढा नव्हता. मग एकदम लक्षात आलं की मीसुद्धा हेच करत आले आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी आमची शेजारीण सकाळी बसते, जाताना बॅग ठेवते, आणि कॉलेजहून आल्यावर तिथे मी बसते. ॲप आल्यापासून ती उठली की खुर्ची भलत्यालाच जायची, म्हणून आम्ही दोघींनी गुपचूप बॅग ठेवणं परत सुरू केलं होतं. स्वतःचं ॲप मी स्वतःच वापरत नव्हते. आणि हे रिपोर्टमध्ये लिहावं असं मला सुचलंच नव्हतं. घरच्या गोष्टी रिपोर्टमध्ये लिहायच्या नसतात, असंच मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना सांगितलं. या वेळी वाक्य आधी मनात म्हटलं नाही.

दादरचा म्हणाला, "म्हणजे जागा अडवतातच ना?"

"अडवत नाहीत. वाटून घेतात. आपण एक खुर्ची एका माणसाची धरली, तिथे चुकलं."

मग त्याने विचारलं, "पण हे तुला तसं दिसलं, की खरंच तसं आहे?"

मला राग आला, पण प्रश्न बरोबर होता. म्हणून ठरवलं की गिरगावच्या मुलीने माझ्यापासून लांब बसायचं. ती तिथे कुणालाच ओळखत नव्हती. कोण उठलं, कोण बसलं, एवढंच दोघींनी आपापलं टिपायचं आणि शेवटपर्यंत एकमेकींना दाखवायचं नाही. नंतर जुळवून पाहिलं तर बहुतेक सगळं सारखं निघालं. एका मुलाला मी 'वाटून घेणारा' लिहिलं होतं, पण तिच्या टिपणात त्याच्या जागी दुसरं कुणी बसलंच नव्हतं; विचारलं तर तो नुसताच झोप काढायला घरी जात होता. तिने हसत हसत तो खोडला.

मग आम्ही नियम बदलला. खुर्ची एकाच्या किंवा जोडीच्या नावावर. एक उठला की दुसऱ्याच्या मोबाइलवर निरोप, आणि दोघंही येणार नसतील तरच खुर्ची मोकळी. दादरच्या मुलाने त्यासाठी अर्धं कोड पुन्हा लिहिलं आणि कुरकुर फक्त चहाच्या वेळेला केली. मुलं ॲप परत उघडायला लागली, या वेळी आम्ही कुणाला न सांगता. रुमाल हळूहळू गेले. काका म्हणाले, आता माझ्याकडे भांडण घेऊन कुणी येत नाही, दुपारी करमत नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या कॉलेजचे सर आले होते. बोलायचं दादरच्या मुलाने, असं ठरलं होतं. त्याने ॲप दाखवलं आणि मध्येच थांबून म्हणाला, "सर, पुढचं ती सांगेल. शोध तिचा आहे."

मी उभी राहिले. इंग्रजीत सुरू केलं, अडखळले, आणि उरलेलं मराठीत सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "तू त्याच वस्तीतली. तुला हवं तेच तुला दिसलं नाही कशावरून?"

मला हसू येणार होतं. हा प्रश्न आमच्यात आधीच भांडून झाला होता. मी दोघींच्या वेगवेगळ्या टिपणांबद्दल सांगितलं, ती कुठे जुळली आणि कुठे नाही ते दाखवलं, आणि झोप काढणाऱ्या मुलाचंही सांगितलं. सर मोठ्याने हसले. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी मलाच विचारले. मला वाटलं त्याहून जास्त उत्तरं मला येत होती.

वर्गात आमचा प्रकल्प पहिला आला. मॅडमनी आमचा रिपोर्ट पुढच्या वर्षीच्या मुलांना नमुना म्हणून दाखवायला मागून घेतला.

जिन्यात येऊन मी पप्पांना फोन लावला. ते लोअर परळच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटीला आहेत. फोन उचलल्या उचलल्या त्यांनी विचारलं, "काय गो, झाला काय?" पहिले आलो, असं सांगितलं. ते म्हणाले, "पण बनवलास काय तां सांग."

इतकी वर्षं कॉलेजातलं काहीही सांगितलं की ते "बरां, बरां" म्हणायचे आणि मी विषय बदलायचे. या वेळी मी सगळं सांगितलं. खुर्ची, बॅग, पाळ्या, जोडी. ते मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते, बरोबर जागी. शेवटी म्हणाले, "आमच्या केबिनीत एकच खाट आसा, आणि झोपणारे तिघे. तिका पण लाव मगे तुझा ॲप."

मी म्हटलं, जोडीचं आहे पप्पा, तिघांचं करावं लागेल.

"मग कर," ते म्हणाले.