नखाची परीक्षा

कोणताही टायर हाती आला की काकाजी आधी त्याच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवायचे. रुतलं नाही तर, "पास." रुतलं तर, "नापास. घेऊन जा बाप्पा!"

तुमसरला त्यांचं टायरचं दुकान होतं. दारावर ट्रकचा जुना टायर टांगलेला. चिखल्याच्या खाणीतलं मँगनीज वाहून पार गुळगुळीत झाला, पण फुटला नाही. आपण विकलेला टायर लवकर झिजत नाही, ही त्यांची ऐट होती.

अशा माणसाकडे मी मऊ टायर मागायला गेलो. मी शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीत शर्यतीत उतरतो. मैदानावर ओळीनं शंकू मांडलेले असतात, त्यांच्यामधून नागमोडी गाडी पळवायची. दोनदा शंकू पाडून मी शेवटचा आलो होतो. विद्यार्थ्यांना हे कळलं होतं, म्हणजे माझी काय शोभा झाली असेल ते तुम्हीच ओळखा. मला वळणावर रस्ता धरणारे शर्यतीचे टायर हवे होते. पण सोमवारी त्याच गाडीनं शाळेत जायचं, म्हणून रस्त्यावर चालणारेही हवेत.

मी सोबत नेलेल्या नमुन्याच्या तुकड्यात त्यांचं नख सपकन रुतलं.

"गुरुजी, हे त् लोणी हाये! सा महिन्यात झिजन. लोकं म्हनतीन, म्हाताऱ्यानं गुरुजीले फसवलं."

"मऊ आहे म्हणून तर पकडतो, काकाजी."

आठवडाभर त्यांनी दाद दिली नाही. मग म्हणाले, "मागवतो. पन मी सोता येतो पाह्याले."

शर्यतीच्या सकाळी हवाही त्यांनीच भरली. पहिल्याच फेरीत गाडी घसरली आणि तिसरा शंकू उडाला. काकाजी धावत आले, टायरपाशी बसले. फक्त मधलं रबर घासलं होतं, कडा कोऱ्या होत्या.

"माही चूक, गुरुजी. ट्रकच्या सवयीनं जास्त हवा भरून बसलो."

त्यांनी हवा कमी केली आणि कडेवर खडूची रेघ ओढली. "आता हे रेघ पुसली पायजे, म्हंजे कडाही रस्त्याले टेकली."

दुसऱ्या फेरीत एकही शंकू पडला नाही. रेघ पुसली होती. माझा नंबर मधलाच आला, पण काकाजींनी तो विचारलाही नाही. गरम टायरवरून हात फिरवून तळव्याला चिकटलेले रबराचे कण ते सगळ्यांना दाखवत होते. "पाहा, जीव लावून झिजून राहिला!" इतका आनंद मी माझ्या शंभर गुण मिळवणाऱ्या पोरांतही पाहिलेला नाही.

ते टायर संपले तेव्हा एक त्यांनी मागून घेतला.

काकाजी गेल्या वर्षी गेले. दुकान बंद आहे, मला त्यांची फार आठवण येते. दारावर खाणीच्या टायरशेजारी माझा टायर टांगलेला आहे. त्यावर त्यांनी पिवळ्या रंगानं लिहिलंय: 'झिजला. पास.'