रिठावरची ओळ

"हे ओळ बी खुडा, मावशी. अंगणवाडीले भाजी कमी पडून राह्यली."

"ते ओळ त्याईची हाये."

"कोनाची?"

"रिठावरच्याईची."

"मेलेले लोक मेथी खातेत काय?" सरपंच रूपालीनं टोपली पुढे केली. "उद्या सभा हाये. भाजी पुरली नाही, तं उपसरपंच हेमसिंगभाऊ इथं गाळे बांधतीन. मंग त्याईले बी एक दुकान घेऊन द्या."

कस्तुराबाई हसली नाही. तिचा जन्म दुसऱ्यांच्या सोयाबीनमध्ये गेला होता. फवाऱ्याच्या वासानं डोकं गच्च बांधून, निंदणात वाकून. उतारवयात ग्रामपंचायतीनं रिठाची जागा, म्हणजे कधीकाळी महामारीत ओस पडलेलं जुनं गाव, परसबागेला दिली आणि राखायला तिला ठेवलं. विषाचा थेंब नाही, भाजी सगळी अंगणवाडीच्या लेकरांना. कुदळीला अजून चुलीचे काळे दगड लागत. माती मात्र लोण्यासारखी.

पहिल्याच हिवाळ्यात वाफे आपोआप खुडले जाऊ लागले. कुंपण शाबूत, मातीत पाऊल नाही. डुक्कर उपटतं, बकरी ओरबाडते. इथे देठ न् देठ नखानं मोडलेला. कस्तुराबाईनं कुणाला काही विचारलं नाही. विहिरीकडची एक ओळ सोडून दिली. तेव्हापासून बाकीच्या वाफ्यांना हात लागला नव्हता.

"तुमाले होत नसन, तं मीच खुडतो," म्हणत रूपाली वाकली.

भर दुपार. टुक. टुक. देठ मोडत होते. मग रूपालीचा हात थांबला.

आवाज थांबला नाही.

"कोन हाये मांगं?" तिनं मान न वळवता विचारलं.

"कोनी नाही."

"मंग आवाज कायचा?"

"तू त्याईची घेतली. ते लेकराईची घेऊन राह्यले."

पाठीमागच्या वाफ्यात एकेक देठ वाकत होता, मोडत होता. पानं खाली पडत नव्हती.

रूपालीनं टोपली ओळीच्या तोंडाशी उपडी केली. आवाज बंद झाला. कडेचा एक देठ अर्धा वाकून तसाच राहिला.

"आता सभेत काय सांगशीन, माय?" कस्तुराबाईनं हळूच विचारलं. "भाजी काहून कमी पडते म्हनून?"

रूपालीनं पदराला हात पुसले, रिकामी टोपली उचलली आणि फाटकातून निघून गेली.